पोट वगळता महागाई आटोक्यात

आमच्या घरी अर्थशास्त्र सकाळी सव्वासातला येतं, दुधाच्या पिशवीपाठोपाठ. हे पेपर उघडतात आणि देशाची प्रकृती मोठ्याने वाचून दाखवतात. 2025च्या ऑक्टोबरची किरकोळ महागाई 0.25 टक्के निघाली, तो दिवस मला पक्का आठवतो. "पाव टक्का!" हे ओरडले. "2012 हे आधारवर्ष धरल्यापासून इतकी कमी कधीच नव्हती!" चेहरा असा, की आता पेढे आणायला निघतील. मी तेव्हा तेलाची रिकामी पिशवी कात्रीने कापून, तिच्या कोपऱ्यात अडकलेलं चमचाभर तेल कढईत निथळवत होते.

"पाव टक्क्यात पाव किलो काय येतं, तेवढं विचार त्याला," सासूबाई म्हणाल्या.

हे एका कंपनीत हिशेब बघतात, त्यामुळे देशाचा हिशेब त्यांच्याकडे आणि घरचा माझ्याकडे अशी वाटणी आहे. त्यांनी समजावून सांगितलं. आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, खाण्यापिण्याच्या वस्तू 10.87 टक्क्यांनी चढल्या होत्या. 2025च्या ऑक्टोबरात त्या साधारण पाच टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर ज्याने एका वर्षी अकरा पायऱ्या धापा टाकत चढवलं, तो पुढच्या वर्षी पाच पायऱ्या खाली आणून विचारतो, "आता कसं वाटतंय?" बरं वाटतंय हो. पण आम्ही जिन्यातच आहोत. शिवाय या उतरण्यात तेल सामील नव्हतं. तेला-तुपाचा गट त्याच महिन्यात 11 टक्क्यांनी वर होता. कढईला सरासरी कळत नाही.

पण माझं अर्थशास्त्र खरं उजळलं ते 'गाभा महागाई' या शब्दाने. इंग्रजीत तिला 'कोअर' म्हणतात. एकूण महागाईतून खाद्यपदार्थ आणि इंधन काढून टाकायचं आणि उरेल तो गाभा. का काढायचं, तर यांचे भाव फार उड्या मारतात, त्यामुळे चित्र बिघडतं. महागाई मोजायच्या 2012च्या टोपलीत खाण्यापिण्याला 100 पैकी 45.86 भाग होते, इंधन-दिव्याला 6.84. दोन्ही वजा केले की निम्म्याहून जास्त टोपली रिकामी. सासूबाई कोकणातल्या. त्यांना एका वाक्यात समजलं: "म्हणजे गरे-आठळ्या काढून घ्यायच्या आणि उरलेल्या चारखंडाला फणस म्हणायचं."

या गाभ्यात सोनं आहे, तूरडाळ नाही. ताट, वाटी, भांडं हे सगळं गाभ्यात येतं. त्यात जे वाढतात ते येत नाही.

मी हे तत्त्व तातडीने अमलात आणलं. महिन्याच्या वहीत वाणी, भाजी, दूध, गॅस, वीज या रकान्यांवर काट मारली आणि बेरीज केली. आमचं घर चक्क शिलकीत निघालं! लग्नानंतर पहिल्यांदा. त्या रात्री मी यांच्यासमोर ताट, वाटी, भांडं आणि चमचा असा संपूर्ण गाभा मांडला. हे पाच मिनिटं बघत बसले. मग स्वतःच उठून डबा उघडला आणि सकाळची पोळी काढली. चित्र बिघडलं.

तज्ज्ञांवर अन्याय नको. जुलै 2024च्या आर्थिक पाहणी अहवालात रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य खाद्यपदार्थ वगळून ठरवण्याचा विचार सुचवला होता, आणि त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही: व्याजदर वाढवल्याने टोमॅटो लवकर पिकत नाही. 2023च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला, तेव्हा आमच्या गृहकर्जाचा हप्ता वाढलेला होता आणि टोमॅटोवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. मला एवढंच म्हणायचंय, की ज्या गोष्टीवर औषध नाही ती दुखणं म्हणूनच मोजायची नाही, ही सोय आमच्या डॉक्टरांना अजून सुचलेली नाही.

व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात. आमच्या घरात माणसंही सहाच: नाना, सासूबाई, हे, मी, लेक आणि धाकटा. तेव्हा आम्हीही समिती नेमली. त्यांची बैठक दोन महिन्यांनी, आमची दर एक तारखेला, पगाराचा मेसेज आल्यावर. त्यांचं लक्ष्य चार टक्के, दोन इकडे दोन तिकडे. आमचं लक्ष्य पैसे पंचवीस तारखेपर्यंत पुरणं, दोन दिवस इकडे दोन तिकडे.

पहिल्या बैठकीत तेलाची पिशवी पटलावर ठेवली. ती नेहमीसारखीच दिसत होती. तोच रंग, तेच सूर्यफूल, हातात तितकीच गुबगुबीत. धाकट्याने मोबाइलचा दिवा पाडून मागचं बारीक छापलेलं वाचलं: 850 मिली. लिटरभर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, हे आम्हाला वाण्यामुळे पाठ; पण ही पिशवी लिटरची नव्हतीच. आम्ही लिटर समजून घेतली, त्यांनी लिटर म्हटलं नव्हतं. ठरावीक मापातच माल भरायचं बंधन आता उठलंय. त्याऐवजी ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे पडतात ते पाकिटावर छापावं लागतं, आणि ते छापलेलंही असतं; मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात. बिस्किटांच्या पुड्याचं तेच. पाचाचा पुडा पाचालाच आहे हो, त्याची किंमत वाढलेली नाही. फक्त आतलं शेवटचं बिस्किट अलीकडे पहिल्यानंतर लगेच येतं.

गॅसवर चर्चा लांबली, कारण त्यात भावना आहेत. मार्च 2023 मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर 1102 रुपये 50 पैशांना होता. ऑगस्टच्या शेवटी 200 उतरले, राखीची भेट. मार्च 2024 मध्ये 100 उतरले, महिला दिनाची भेट. एप्रिल 2025 मध्ये 50 चढले, ती कुणाची भेट ते जाहीर झालं नाही. ओवाळून झाल्यावर भावाने जिन्यातून परत येऊन तबकातली अर्धी नोट मागून न्यावी, तसं वाटलं. शिवाय आमच्याकडे सिलिंडर वर आणून देणाऱ्याचे वरचे पन्नास. पावतीत नसलेले हे पन्नास कुठल्याही निर्देशांकात येत नाहीत, पण सकाळी आठ वाजता उंबऱ्यावर येऊन उभे राहतात.

मग वीजबिल. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन म्हणजे कोळसा महागला की समायोजन आपण करायचं. पण खरी गंमत शंभराव्या युनिटला आहे. शंभरच्या आतला दर एक आणि 101व्या युनिटपासून जवळजवळ दुप्पट. त्यामुळे महिनाअखेरीला नाना मीटरखाली स्टूल टाकून बसतात. मागच्या महिन्यात आकडा 96 वर आल्यावर त्यांनी सगळ्यांना गॅलरीत हवेला बसवलं. मी इस्त्री काढली, तर क्रिकेटमध्ये धावचीत देतात तसं बोट वर केलं. शेवटी 103 झालेच. फ्रिजने घात केला. फ्रिज समितीवर नाही, त्याला लक्ष्य माहीत नाही.

कांद्यावर मात्र बैठकीत एकमत होत नाही आणि त्याला कारण मी. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. इथे कांदा साठाला गेला की आमच्या बिल्डिंगमध्ये शोककळा पसरते आणि तिकडे दादा फोनवर जरा मोकळं बोलतो. इथे पंधराला आला की शेजारच्या वहिनी पाच किलो घेतात आणि दादा फोनच उचलत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात बंदीच आली, ती मे 2024 पर्यंत राहिली. तेवढ्या काळात दादाच्या चाळीतला कांदा आमच्या महागाईशी लढत होता, दादाला न विचारता. त्याच ऑगस्टमध्ये राज्याचे तेव्हाचे मंत्री दादा भुसे यांनी सुचवलं होतं, की परवडत नसेल त्याने दोन-चार महिने कांदा खाऊ नये. सूचना त्यांच्या बाजूने बरोबरच होती. शेतकऱ्याने दोन-चार महिने काय खाऊ नये, ते मात्र सांगायचं राहून गेलं. आणि साठ रुपयांतले दादाला किती आणि लासलगाव ते डोंबिवली रस्त्यात किती, हा विषय दर बैठकीत निघतो आणि वेळेअभावी पुढे ढकलला जातो.

आता शेवटचं कलम. महागाई सलग तीन तिमाह्या लक्ष्याबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणं द्यायची, असा कायदा आहे. 2022 मध्ये ती वेळ आली. 3 नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, अहवाल सरकारला गेला, आणि तो लोकांसमोर आलाच नाही. ज्यांच्या खिशाबद्दल ते पत्र होतं, त्यांना सोडून सगळ्यांनी वाचलं असावं.

आमचंही लक्ष्य तीन तिमाह्या चुकलंय. पंचवीसऐवजी अठरालाच पैसे संपतात. पत्र मी लिहिलंय. कारणं पाच दिली आहेत, सहावं सासूबाईंनी पेन्सिलने वाढवलंय: "खाणं सुटत नाही." आमचं पत्र गोपनीय नाही, फ्रिजच्या दारावर लावलंय. डोंबिवलीला आलात तर जरूर येऊन वाचा. चहा होईल, सिलिंडर परवाच आलाय. फक्त महिनाअखेर असेल, तर पंखा लावा म्हणू नका.