दोन वर्षं घरी राहण्याची शिक्षा

सुरतेला पाहुण्यांचा अनुभव जुना आहे. शिवाजी महाराज १६६४च्या जानेवारीत आले आणि चार-पाच दिवसांत सुरत बेसुरत करून राजगडाकडे फिरले. १६७०मध्ये पुन्हा आले, तेव्हाही मुक्काम लांबवला नाही. याच शहरात वखार थाटलेले इंग्रज मात्र व्यापाराला म्हणून आले आणि १९४७पर्यंत निघायचं नाव घेईनात. त्यांच्याकडून परतीचा करार लिहून घ्यायचं जहांगीर बादशहाला सुचलं नव्हतं.

अमेरिकेला ते सुचलं. जे-१ हा तिथला पाहुणचाराचा व्हिसा. सरकारी पैशावर गेलेले अभ्यासक आणि रेसिडेन्सी करणारे डॉक्टर यांनी शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी राहायचं. तोवर एच-१बी नाही की ग्रीन कार्ड नाही. देशवार यादीत नोंदलेली विशिष्ट कौशल्यं असणाऱ्यांनाही हीच अट होती. पण ९ डिसेंबर २०२४ला त्या यादीतून भारताचं नाव वगळलं गेलं आणि पूर्वी गेलेल्यांचीही त्या कलमातून सुटका झाली. डॉक्टर आणि सरकारी पैशावर गेलेले मात्र अडकलेलेच.

डॉक्टरांचा किस्सा अधिक रंगतदार. रेसिडेन्सीला निघताना दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं. देशाला या शाखेच्या डॉक्टरांची गरज आहे आणि या उमेदवाराने परत येण्याची हमी दिली आहे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्याची गरज आहे त्याला, गरज असल्याचा दाखला देऊन, विमानात बसवायचं! एरवी परतीच्या बंधनातून मोकळं करणारं ‘नोरी’ प्रमाणपत्र असतं. ते डॉक्टरांना देणं मंत्रालयाने २०११पासून बंद केलं, पासष्टीपुढचे वगळून. पासष्टीनंतर देश त्यांच्यावरचा हक्क मोठ्या मनाने सोडतो.

तसंही रेसिडेन्सीवाल्यांच्या बाबतीत अमेरिका मायदेशाची ना-हरकत विचारातच घेत नाही. मग माफी मागायला उरतं ‘असाधारण हालअपेष्टा’ हे कारण. त्यातही अर्जदाराचे स्वतःचे हाल मोजत नाहीत. हाल व्हायला हवेत ते त्याच्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे, नाहीतर मुलांचे. समजा, सुरतेच्या उधन्यातल्या एका खानदेशी घरचा डॉक्टर असा अर्ज करतोय. त्याचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा सुट्टीत आला की आजीच्या हातचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी बोटं चाटत खातो. अर्जात मात्र वकील लिहिणार की सुरतेची हवा, पाणी आणि शाळा या बाळाला सोसणार नाहीत. मुलगा सोबत आला तर हाल, मागे राहिला तरी हाल, हे दोन्ही सिद्ध करायचं असतं. आजीची साक्ष कुणी काढत नाही, हे वकिलाच्या दृष्टीने बरंच.

याहून सरळ वाट नॉर्थ डाकोटाचे माजी सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाची, १९९४पासूनची. डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं रुग्ण तपासा, दोन वर्षांची अट माफ. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. त्यांच्यासाठी उड्या पडतात. गंमत पाहा: इथे एमबीबीएसनंतर वर्षभर खेड्यात जायचा बाँड असतो. महाराष्ट्रात तो चुकवला तर १० लाख भरावे लागायचे आणि घरचे ते हसत भरायचे, कारण आहवा किंवा धडगावसारखा दुर्गम भाग म्हणजे करिअरची माती. डाकोटाचं बर्फाळ खेडं म्हणजे मात्र ‘आमचा मुलगा तिकडे सेटल झाला’.

ज्यांना कुठलीच माफी मिळत नाही, त्यांना एक कामाची गोष्ट. ही दोन वर्षं सलग काढावी लागत नाहीत, तुकड्यातुकड्यांनीही चालतात. तेव्हा दिवाळी, लग्नसराई आणि आंब्याचा हंगाम हिशेबात धरा, आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा. दिवसांचा पुरावा तुम्हालाच द्यायचा आहे.