चिमूटभर सेरियम

आमच्या वऱ्हाडात मॅग्नेशियम कृषी केंद्रात मिळतं. कपाशीवर लाल्या आला, पानं तांबडी पडून गळायला लागली, की दुकानदार फार न विचारता मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी काउंटरवर ठेवतो. संत्र्याची पानं पिवळी पडली तरी बहुधा तीच पिशवी. त्यामुळे सुट्टीत आमच्या गावी, रिद्धपूरला आलेला पुतण्या जेव्हा म्हणाला, की मी नागपूरला मॅग्नेशियमवर काम करतो, तेव्हा आमच्या आबाजींनी लगेच विचारलं, "एकरी किती टाकता?"

तो टाकत नाही, घासतो. दिवसभर. त्याच्या प्रयोगशाळेत पोलादाची एक कडक चकती गरगर फिरत असते आणि तिच्यावर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची पेराएवढी कांडी ठरावीक वजनाने दाबून धरलेली असते. मोजून इतके मीटर घासायची, मग काढून, पुसून, काट्यावर ठेवायची. किती मिलिग्रॅम गेलं ते वहीत लिहायचं. चकतीभोवती राखी-काळी भुकटी जमते, आणि कांडीचं तोंड भिंगाखाली धरलं तर त्यावर एका दिशेने गेलेल्या चऱ्या दिसतात.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे सहाण आली. फरक एवढाच, की सहाणेवर खोड झिजलं तर घरात सुगंध सुटतो आणि इथे कांडी झिजली तर पुतण्याचं तोंड उतरतं. आपल्याकडे झिजण्याला फार मान. संस्थेसाठी झिजलेल्या माणसाला साठीला शाल-श्रीफळ मिळतं, भाषणात चंदन हमखास येतं. धातुशास्त्रवाल्यांच्या वहीत मात्र त्याच गुणाची नोंद तोट्याच्या रकान्यात होते. मला विचाराल तर त्यांचा हिशेब जास्त प्रामाणिक आहे. निदान ते किती झिजलं हे मोजतात तरी.

"मंग जे झिजते थे घेता कायले?" हा आबाजींचा दुसरा प्रश्न. उत्तर वजनात आहे. एक घन सेंटिमीटर लोखंड जवळजवळ 7.9 ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम 2.7, आणि मॅग्नेशियम अवघं 1.74. यंत्रात वापरता येण्याजोग्या धातूंत याहून हलका नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाची पेटी याच धातूची असे. हलकी गाडी कमी तेल पिते, विजेची असेल तर एका चार्जिंगमध्ये लांब जाते. म्हणून सगळे याच्या मागे. पण हा गडी मऊ. घर्षणाने तापला की आणखी मऊ. नेहमीच्या वापरातल्या मिश्रधातूत शेकडा नऊ ॲल्युमिनियम आणि एक जस्त असतं. त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम मिळून कणांच्या कडेकडेने एक संयुग धरतात. थंडपणी त्याचा आधार चांगला, पण तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास गेलं की ते ढिलं पडतं. मग साधी झीज थांबून ओरबाडणं सुरू होतं, आणि काट्यावरचे आकडे एकदम धावायला लागतात.

इथे ती चिमूट येते. सेरियम, लँथेनम, निओडिमियम, यिट्रियम असली नावं असलेली ही मंडळी. मराठीत त्यांना दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं म्हणतात. वितळलेल्या धातूत शेकडा एक-दोन भाग टाकली की ती थेट ॲल्युमिनियमला गाठतात आणि त्याच्याशी नवं, कडक संयुग करतात. हे तापलं तरी जागचं हलत नाही. ढिलं पडणाऱ्या संयुगाच्या वाट्याला ॲल्युमिनियम कमी उरतं, धातूचे कण बारीक होतात, आणि ओरबाडण्याची वेळ पुढे ढकलली जाते.

दुर्मिळ म्हटलं तरी सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. अडचण अशी, की एका जागी ढिगाने सापडत नाही, आणि सापडलंच तर भाऊबंदांत इतकं मिसळलेलं असतं की वाटणी करता करता नाकी नऊ येतात. (वाटणीची अडचण वऱ्हाडाला समजावून सांगायची गरज नाही.) आपल्याकडे हे काम 1950 साली इंडियन रेअर अर्थ्स या नावाने सुरू झालेल्या सरकारी कंपनीकडे आहे, कचेरी मुंबईत प्रभादेवीला, ही मूलद्रव्यं ज्यातून काढतात ती वाळू मात्र केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरची.

मला या सगळ्यात खरी भुरळ घातली ती इटर्बी या स्वीडनमधल्या गावाने. स्टॉकहोमजवळच्या बेटावरचं एवढंसं खेडं. तिथल्या खाणीत 1787 मध्ये अऱ्हेनियस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला एक काळा, जड दगड सापडला. 1794 मध्ये गॅडोलिनने त्यातून नवी मृदा वेगळी काढली. आणि पुढे यिट्रियम, टर्बियम, एर्बियम, यिटर्बियम अशा चार मूलद्रव्यांनी त्या एका गावाचं नाव लावलं. आमच्या मोर्शी तालुक्याच्या नावे अजून एकही नाही. पण लहान गावाने केवढं काही द्यावं, याचं नवल रिद्धपूरच्या माणसाने करू नये. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या याच गावात, वाजेश्वरीला बसून म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ इथला. म्हाइंभट इथले नव्हते, नगरकडच्या सराळ्याचे. बाहेरून आलेला माणूस तो. गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून एकेक लीळा गोळा करणारा. आता मराठी भाषा विद्यापीठही गावात आलंय. तिथे धातुशास्त्र शिकवत नाहीत, ही पुतण्याची एकमेव तक्रार.

आबाजींचा तिसरा प्रश्न सगळ्यांत नेमका होता. "जास्त टाकलं का जळते?"

जळत नाही, तडकतं. चिमटीच्या जागी मूठ टाकली की ते कडक संयुग सुयांसारखं लांब आणि जाड वाढतं. घासताना सुया तुटतात, तुकडे कांडी आणि चकती यांच्यामध्ये अडकतात आणि तेच उलट धातू कुरतडायला लागतात. झीज आधी उतरते आणि मग पुन्हा चढते. पुतण्याने कागदावर तो आलेख काढून दाखवला. आबाजींनी तो उलटा धरून पाहिला आणि मान डोलावली.

अति कडकपणाचा अनुभव आमच्या गावच्या पोथ्यांनाही आहे. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ अक्षरांची अदलाबदल करून सकळ लिपीत लिहिले, कुणाचे हात लागून शब्द बिघडू नयेत म्हणून. शब्द शाबूत राहिले. फक्त विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना किल्ली सापडेपर्यंत पंथाबाहेरच्या कुणाला ते वाचताच आले नाहीत. अजिबात न झिजण्याची अशी किंमत असते; ती देणं तेव्हा योग्यच होतं, असं मला वाटतं, पण ती होती.

आणि गंमत बघा, मॅग्नेशियमचा एक धंदा असाही आहे जिथे ते संपावं म्हणूनच वापरतात. मोडलेलं हाड जोडायला यिट्रियम वगैरे घातलेल्या मॅग्नेशियमचे स्क्रू युरोपात 2013 पासून चालतात. हाड सांधेपर्यंत स्क्रू टिकतो, मग हळूहळू शरीरातच विरून जातो. काढायला दुसऱ्यांदा कापावं लागत नाही. म्हणजे इथे चिमूट घातली ती झीज थांबवायला नाही, तिला जरा दमाने घ्यायला लावायला. पुतण्याच्या भुकटीपेक्षा मला हे काम भावलं. चंदनवाल्या वक्त्यांनी भाषणात घ्यायला हरकत नाही.

बाकी भावाचं विचाराल तर यिट्रियम महाग, आणि 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचं कुलूप घातल्यापासून मिळायलाही अवघड. म्हणून यिट्रियमवाले मिश्रधातू सध्या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये आणि श्रीमंतांच्या हाडांत आहेत. मोर्शीच्या काळीपिवळीत ते यायला अवकाश आहे. तोवर दांडा घट्ट धरून बसा.