रा. रा. वाढते अंग यांस अनावृत पत्र

दर्यापूर, जिल्हा अमरावती.

रा. रा. वाढते अंग यांसी,


दर्यापूर-बनोसा व पंचक्रोशीतील समस्त पितृवर्गाच्या वतीने ही कैफियत आपणापुढे रुजू करण्यास कारण की, आपल्या बेमुर्वत कारभारामुळे लेकराला सायकल घेऊन देणे हा साधा प्रापंचिक व्यवहारही आमच्या आवाक्याबाहेर गेला असून, कसूर सर्वस्वी आपली असताना बोभाटा मात्र आमच्या नावाने होत आहे. आपला मुक्काम तूर्त कोणाच्या नडगीत आहे आणि कोणाच्या मांडीत, याचा निश्चित ठावठिकाणा न लागल्यामुळे हे पत्र खुलेच धाडावे लागत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

कपड्यांच्या बाबतीत आपले व आमचे कधी वितुष्ट आले नाही. विजारीच्या पायाला चार बोटे दुमड घालून ठेवावी आणि आपण येऊन गेल्याचे ध्यानी येताच ती उसवावी, ही वहिवाट वाडवडिलांपासून सुरळीत चालत आली आहे. परंतु लोखंडाला दुमड घालता येत नाही. तेव्हा जी सायकल चार वर्षांनी बरोबर होईल तीच आज घ्यावी, हा सिद्धान्त आम्ही आपल्यावर विसंबूनच स्वीकारला, आणि दुकानाच्या पायरीवर बसलेला कोणीही वडीलधारा तो एका वाक्यात सांगून मोकळा होतो : “पोट्टं वाढत्या अंगाचं हाय, मोठीच घ्या जी, आज पाय नाही पुरत, त उद्या पुरतीन.” या न्यायाने दहा वर्षांच्या मुलाच्या हाती अठ्ठावीस इंची चाकांची, बावीसच्या फ्रेमची काळी सायकल आली, आणि ज्या चौदा वर्षांच्या मुलासाठी ती घेतली तो घरी येईपर्यंत तिची राखण या दहा वर्षांच्याकडे सोपविण्यात आली. राखणदाराने ती कैचीने चालविली. दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालावा, सीट काखेत धरावी, देह एका अंगाला लोंबकळत ठेवावा आणि उरलेल्या एका हाताने हँडल, घंटी व एकच काय तो ब्रेक यांचा बंदोबस्त पाहावा, अशी ही विद्या असून, तिच्या पदव्या वऱ्हाडातील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांच्या गुडघ्यांवर अद्याप वाचता येतात.

या घोटाळ्याला इतिहासाचाही आधार आहे. गेल्याच्या आधीच्या शतकात जी उंच चाकाची सायकल विलायतेत चालत असे, तिचे पायडल पुढल्या चाकाच्या आसालाच जोडलेले असल्यामुळे चाक केवढे घ्यावे हे स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरत असे. म्हणजे त्या काळी चाकाचे माप हे खरोखरीच माणसाचे माप होते. पुढे १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ आणली, साखळीने मागले चाक फिरविले, आणि पायाचा व चाकाचा तो संबंध कायमचा तुटला. तुटल्याची वर्दी आमच्या बाजारपेठेत मात्र अजून पोहोचायची आहे. दुकानात आजही बारा, चौदा, सोळा, वीस, चोवीस, सव्वीस असेच आकडे पुकारले जातात. हे सारे चाकाचे इंच असून, मुलाच्या पायांचा त्यांत कोठेही उल्लेख नाही, आणि दोन कारखान्यांच्या दोन ‘वीस’च्या सायकली शेजारी उभ्या केल्या तर त्यांच्या दांड्यांची उंची एकच निघेल याची हमी कोणी देत नाही. आपणही सोळावरून विसावर जाताना मध्ये न रेंगाळता एका रात्रीत उडी घ्याल तर आमची काही तक्रार राहणार नाही.

पण आपली चाल तशी नाही. लहानपणी दरसाल पाच-सहा सेंटीमीटर असा शिरस्ता पाळून आपण आमचा विश्वास संपादन करता, आणि वयात येण्याच्या सुमारास मुलाच्या अंगी एकाच वर्षात नऊ-दहा सेंटीमीटर ओतून सगळा ताळेबंद उधळून लावता. त्यातही अंमल आधी पायांवर बसवायचा आणि धडाला मागाहून कळवायचे, ही आपली जुनी रीत. त्यामुळे सारख्या उंचीच्या दोन मुलांचे पाय सारखे निघत नाहीत आणि दाराच्या चौकटीवर कोरलेल्या उंचीच्या रेघा सायकलीच्या कामी कुचकामी ठरतात. पिकाची पैसेवारी नजरअंदाजाने काढण्याची सवय असलेल्या मुलखात मुलाची पैसेवारीही नजरेनेच काढली जाणार. शिवाय आमच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर, आणि आपण कापसाची वाट पाहत नाही. दर्यापुरावरून पूर्वी मूर्तिजापूर-अचलपूर धावणाऱ्या आमच्या शकुंतला आगगाडीने शतकभर अडीच फुटांच्या रुळांवरून पाऊल बाहेर टाकले नाही. रुंदीकरणाच्या कितीक दरखास्ती झाल्या, पण तिने संयम सोडला नाही. आपणांस तिचा कित्ता गिरविण्यास काय हरकत होती?

अलीकडे काही चौकस मंडळी अशी एक तजवीज सुचवितात की, मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे, त्याच्या दोन्ही पायांमध्ये पुठ्ठ्याचे जाड पुस्तक सीटसारखे वरपर्यंत दाबून धरावे, पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करून जमिनीपासूनचे अंतर मोजावे, आणि ज्या सायकलीची दांडी त्याहून दोन बोटे तरी खाली असेल तीच घ्यावी; नवशिक्याची सीट दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवावी, तोल सावरू लागला म्हणजे पायडल तळाशी असताना गुडघ्यात किंचित वाक राहील इतकी चढवावी, आणि ब्रेकची मूठ त्याच्या बोटांत येते की नाही हे त्यालाच दाबावयास लावून पाहावे. या सूचनेला आमचा सक्त विरोध आहे. एक तर तिच्या पायी मुलाला दुकानात न्यावे लागते, आणि ज्याची सायकल त्याचेच मत घेण्याची प्रथा एकदा पडली तर ती कोठवर जाईल याचा नेम नाही. दुसरे असे की, सीटच्या नळीवर जी मर्यादेची रेघ कोरलेली असते तिच्यापलीकडे नळी उपसू नये असा कारखान्याचा हुकूम असल्यामुळे, नेमक्या मापाची सायकल दोन-तीन वर्षांत अपुरी पडते. तेवढी वर्षे मूल सुखाने सायकल चालवील हे खरे; परंतु तो आमचा हेतू कधीच नव्हता.

मुलींशी आपले वर्तन निराळे दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते, आणि आठवीपर्यंत आपण मुलींकडील बहुतेक काम उरकलेले असल्यामुळे तीच सायकल बारावीपर्यंत निभावते. शिवाय मुलींच्या सायकलीला आडवी दांडी नसल्याने कैचीचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच वर्गात बसणाऱ्या भावाचे काम मात्र आपण नेमके तेव्हा हाती घेता. बहिणीची सायकल मागून नेण्याची पाळी त्याच्यावर आणून आमच्या घराण्याची अब्रू आपण वेशीवर टांगली आहे.

तरी मेहेरबानी करून पुढील वाढीची नोटीस निदान एक हंगाम आधी द्यावी. ती देणे शक्य नसल्यास मुलाचे पाय तरी दुकानातल्या आकड्यांबरहुकूम वाढवावेत. उत्तर दिवाळीपूर्वी आले तर बरे.

आपला,
एक त्रस्त पालक

ता. क. — थोरल्याला सायकल लहान झाली की ती धाकट्याकडे जाते, हे आपण जाणताच. धाकटा हल्ली थोरल्याहून भराभर वाढत आहे. हे कोणाच्या हुकुमाने चालले आहे याचा खुलासा व्हावा.