संबंधितांस कळवण्यात आलेले नाही

बसा, चहा होतोय. तोवर एक सांगा. तुमचा अर्ज फेटाळला गेला, तर तो का फेटाळला हे आपल्याला कळावं, अशी अपेक्षा ठेवणं हा उद्धटपणा आहे का? नाही ना? तलाठ्याकडे ठेवा, बँकेत ठेवा, कुणी काही म्हणत नाही. मी ती डेटाबेसकडून ठेवली, तर घरचे लोकसुद्धा माझ्याकडे काळजीने बघायला लागले आहेत.

प्रकरण असं आहे. मी एका वाचनालयाचं संकेतस्थळ सांभाळतो. पुढे पीएचपी, मागे मायएसक्यूएल. दोन्ही १९९५ची अपत्यं. बांधकाम माझं नाही. ते करणारे गृहस्थ आता परदेशी असतात आणि, त्यांचे फोटो बघता, सुखात असतात. माझ्याकडे आलाय तो फक्त ताबा.

या जुन्या बांधकामात डेटाबेसला काही विचारायचं तर ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ नावाचं एक फंक्शन होतं. काम झालं तर ते निकाल देई. नाही झालं तर ‘फॉल्स’ देई. बस, फॉल्स. तक्ता सापडला नाही, रकान्याचं नाव चुकलं, की परवानगी नाही, काही नाही. कारण नोंदवलेलं असे, पण ते दुसऱ्या फंक्शनकडे. तिथे आपण होऊन जायचं, आणि लगेच जायचं. मध्ये दुसरी एखादी क्वेरी गेली की आधीचं कारण पुसलं जाई. म्हणजे निकाल एका खिडकीवर, कारणं दुसऱ्या खिडकीवर, आणि ती खिडकी पुढचा माणूस येईपर्यंतच उघडी. हे ज्याने आखलं त्याने आपल्याकडे कधी नोकरी केली नव्हती, यावर माझा विश्वास बसत नाही.

बरं, फॉल्स मिळालं म्हणून कुणी आरडाओरड करत नाही. प्रोग्राम तसाच पुढे चालत राहतो. तीन ओळी खाली निकालातली पहिली नोंद काढायला बसलेलं बिचारं फंक्शन तो फॉल्स हातात घेतं आणि मग मात्र ओरडतं: मला निकाल द्यायचा होता, हे काय दिलंत? इशारा छापला जातो तो या ओळीच्या नावाने. गुन्हा वर घडला, पंचनामा खाली झाला. मी कित्येक संध्याकाळी त्या निरपराध ओळीची उलटतपासणी केली आहे. तिने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही, कारण तिला खरंच काही माहीत नव्हतं.

यावर पाठ्यपुस्तकांनी एक उपाय शिकवला आणि एक अख्खी पिढी तो शिकली. क्वेरीच्या पुढे ‘ऑर डाय’ लिहायचं आणि त्यात कारण छापायचं. जमलं तर ठीक, नाहीतर जागच्या जागी प्राण सोड. आमच्या संकेतस्थळावर हे जागोजागी आहे. त्यामुळे आमचं पान मरतं, पण अर्धं मरतं. वर वाचनालयाचं बोधचिन्ह, त्याखाली संस्थापकांचा फोटो, मग ‘नवीन पुस्तके’ असं ठळक शीर्षक, आणि त्याखाली इंग्रजीत, की सदर डेटाबेसात अमुक नावाचा तक्ता अस्तित्वात नाही. इथे पान संपतं. तळाचा पत्ता नाही, वेळा नाहीत, सोमवारी बंद ही सूचना नाही. लोक सोमवारी येतात.

आता हे कारण कळलं कुणाला? रात्री साडेअकराला पुस्तक शोधणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना. त्यांना तक्त्याचं नाव कळलं. मला नाही. डेटाबेसशी जोडणीच झाली नाही, तर तो याहून उदार होतो. ‘रूट’ या वापरकर्त्यास प्रवेश नाकारला आहे, असं सांगतो आणि कंसात पुस्ती जोडतो: पासवर्ड वापरला, होय. म्हणजे आम्ही डेटाबेस कोणत्या नावाने उघडतो हे येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायचं, आणि वर आम्ही पासवर्ड ठेवतो असं प्रमाणपत्रही द्यायचं. पुढे पीडीओ नावाची सुधारित पद्धत आली. तिथे जोडणी फसली आणि तो अपवाद कुणी झेलला नाही, तर युझरनेम-पासवर्डसकट सगळी कुंडली पडद्यावर येऊ शकते, असा इशारा पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच होता. गुपित फोडण्याचीही अधिकृत कार्यपद्धती होती, म्हणायची.

मूळ बांधकाम करणाऱ्यांना याची कुणकुण लागली असावी. कारण काही ठिकाणी त्यांनी फंक्शनच्या आधी ‘ॲट’चं चिन्ह लावलंय. पीएचपीत या चिन्हाचा अर्थ, जे झालं ते झालं, वाच्यता नको. तिथे आमचं पान पांढरं येतं. नुसतं पांढरं. मुख्याध्यापकांनाही काही कळत नाही, आणि एवढ्यापुरता का होईना, समान न्याय झाला.

एक १०६४ क्रमांकाची चूक आहे. तुमच्या नशिबी आली नसेल तर तुम्ही भाग्यवान. ती म्हणते, तुमच्या क्वेरीच्या व्याकरणात चूक आहे, पुस्तिका बघा, चूक अमुक शब्दाच्या जवळ, ओळ पहिली. क्वेरी एकाच ओळीत लिहिलेली असते, त्यामुळे ओळ कायम पहिलीच. आणि ‘जवळ’ म्हणजे जिथे डेटाबेस अडखळला ती जागा, चूक झाली ती नव्हे. अडखळला तो क्वेरी संपल्यावर, तर दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीच नसतं. चूक ‘ ’ च्या जवळ आहे. शोधा.

वसई आणि गोव्याकडच्या सभासदांवर या १०६४चा विशेष डोळा. डिसोझा, डिसिल्वा ही आडनावं रोमन लिपीत लिहिताना पुष्कळजण डी नंतर वर एक टिंबाएवढा अपॉस्ट्रॉफी देतात. पिढ्यान्‌पिढ्या देतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. आमच्या क्वेरीत मात्र तो अपॉस्ट्रॉफी आला की डेटाबेसला वाटतं नाव संपलं. ‘डी’ हे पूर्ण नाव, आणि ‘सोझा’ हा कुणीतरी घुसखोर. चूक सोझाच्या जवळ, असं तो लेखी कळवतो. एका सद्‌गृहस्थांची वर्गणी रोख घेऊन पावती हाताने फाडावी लागली.

यावरही शासनाने, म्हणजे पीएचपीने, उपाययोजना केली होती. ‘मॅजिक कोट्स’. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अपॉस्ट्रॉफीच्या आधी आपोआप एक तिरपी रेघ. आमच्या पूर्वसूरींना आपोआप होणाऱ्या गोष्टींवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःही एकदा तीच प्रक्रिया राबवली. परिणामी डिसोझा नोंदवले गेले, पण नावात एक रेघ घेऊन. त्यांनी पत्ता बदलला, रेघा तीन झाल्या. फोन नंबर बदलला, सात. त्यांच्या ओळखपत्रावर आता नावापेक्षा कुंपण जास्त आहे. मॅजिक कोट्स २०१२ साली पीएचपी ५.४ मधून काढून टाकले. कुंपण राहिलं. क्वेरी वेगळी आणि नाव वेगळं पाठवायची सोय पीएचपी-मायएसक्यूएलच्या जोडीत २००४पासून होती. तिने डिसोझांचाही प्रश्न सुटतो आणि अपॉस्ट्रॉफीच्या त्याच भगदाडातून आत शिरणाऱ्या चोरांचाही. पण सोय असणं आणि ती कुणी वापरणं यातलं अंतर तुम्हाला मी काय सांगणार.

मराठी नावांचं याहून वाईट. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनचा. २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर तो नोंदी लॅटिन लिपीत ठेवी आणि स्वीडिश भाषेच्या क्रमाने लावी. आमच्याकडे कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. जोडणी मात्र युनिकोडची ठेवली होती. अशा वेळी मराठी अक्षराचं तो प्रश्नचिन्ह करी. प्रत्येक अक्षराचं एक, काना-मात्रेचं स्वतंत्र. आणि तक्रार? एक सौम्य इशारा, तोही विचारलात तर. नोंद ‘यशस्वी’.

तर आमच्या दप्तरी पाटील म्हणजे पाच प्रश्नचिन्हं. केळकर म्हणजेही पाच. रानडेही पाच. आता दुबार सभासद टाळण्यासाठी एक अट घातलेली आहे, आडनाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळली तर नोंद होणार नाही. आणि आपल्याकडे एका ठरावीक वयाच्या माणसांची जन्मतारीख काय असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली, एक जून. केळकर सभासद व्हायला आले, साल पाटलांचंच निघालं, आणि डेटाबेसने चूक क्रमांक १०६२ अन्वये कळवलं की ‘?????’ हे आधीपासून सभासद आहेत. केळकर म्हणाले, मी तर पहिल्यांदाच येतोय. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना पडदा दाखवला. पडद्यापुढे कोण काय बोलणार?

मायएसक्यूएलच्या चुकांचे संदेश इतर भाषांतही मिळतात बरं का. सर्व्हरवर तशी सोय आहे. एस्टोनियन भाषेत मिळतात. नॉर्वेजियनच्या दोन वेगवेगळ्या प्रकारांत मिळतात. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त होते. त्यांनी इंग्रजीत अपमान करून घ्यायचा.

सुधारणा झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. झाल्या, यथावकाश. मायएसक्यूएलने २०१५मध्ये ठरवलं की रकान्यात न मावणारा मजकूर यापुढे गुपचूप कापायचा नाही, चूक म्हणून नाकारायचा. त्याच वर्षाअखेर आलेल्या पीएचपी ७ मधून ती जुनी फंक्शनं हद्दपार झाली. पीडीओने २०२०पर्यंत, आणि मायएसक्यूएलआय या दुसऱ्या सुधारित पद्धतीने २०२१च्या पीएचपी ८.१ पर्यंत, मौन हाच आपला मूळ स्वभाव ठेवला. त्यानंतर मात्र चूक झाली की अपवाद फेकायचा, असं ठरलं. झेलला नाहीत तर काम तिथेच बंद.

मी आनंदाने आवृत्ती बदलली आणि त्याच दुपारी कार्यवाहांचा फोन आला. वार्षिक अहवालाचं पान पडलं होतं. मी शोधून काढलं: ‘दुर्मीळ ग्रंथ’ मोजणारी क्वेरी एका अस्तित्वात नसलेल्या रकान्याला विचारत होती. किती वर्षं, देव जाणे. फॉल्स मिळे, फॉल्सचं शून्य छापलं जाई, आणि दर अहवालात ‘दुर्मीळ ग्रंथ: ०’ सर्वानुमते मंजूर होई. मी हे कार्यवाहांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “ते असू दे हो, पण तुम्ही हात लावेपर्यंत चालत होतं.”

कार्यकारिणीच्या बैठकीत माझी बाजू मांडायला मला वेळ मिळाला, तो आभारप्रदर्शनाच्या आधीचा. ठरलं असं, की सभासदांना यापुढे कुठलंही इंग्रजी दिसू नये. पडद्यावर ‘क्षमस्व, तांत्रिक अडचण’ एवढंच यावं आणि खाली माझा नंबर. खरं कारण लॉगमध्ये जावं. हे योग्यच आहे, जगभर असंच करतात. आता सभासद मला फोन करून सांगतात, की तांत्रिक अडचण आहे. मी विचारतो, काय लिहून आलंय? ते म्हणतात, क्षमस्व. मग मी लॉग उघडतो. तो रिकामा. त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी पीएचपीला नाही, म्हणून चुका सर्व्हरच्या मुख्य लॉगमध्ये जातात, आणि तो बघायचा अधिकार फक्त होस्टिंगवाल्यांना.

सबब मी होस्टिंगवाल्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली. विषय मुद्दाम मराठीत लिहिला: ‘चुकांची कारणे कळवणेबाबत’. दोन मिनिटांत पोहोच आली. आपली तक्रार यशस्वीरीत्या नोंदवण्यात आली आहे, पुढे तक्रार क्रमांक, आणि त्याखाली विषयाच्या जागी ओळभर प्रश्नचिन्हं. मी काना-मात्रा धरून मोजून बघितली. विषय माझाच होता.