लिंकवाले काका

नाताळ झाला, की वसईत लग्नांचा हंगाम सुरू होतो. आगमनकाळ संपलेला, उपवासकाळ दूर. ज्यांना रजा मिळते ते चर्चच्या बाकावर बसतात. ज्यांना मिळत नाही ते लिंकवाल्या काकांच्या ताब्यात जातात. मुलामुलीने ठरवलेलं असतं, लग्न छोटंच करायचं: पन्नास माणसं, एक मिस्सा, घरचं जेवण. काका मान डोलावतात आणि थेट प्रक्षेपणाच्या तयारीला लागतात. २०२१च्या एप्रिलमध्ये सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली, तेव्हा लिंक ही गरज होती. निर्बंध उठले, काका कायम राहिले.

लिंकमुळे लग्न छोटं राहतं, हा त्यांचा दावा मात्र टिकत नाही. ‘हॉलमध्ये जागाच नव्हती हो’ हा रुसव्यांवरचा जुना, हुकमी उतारा. लिंकला खुर्ची लागत नाही, ताटही लागत नाही. त्यामुळे जो वगळला जातो तो मुद्दामच वगळला, असं ठरतं. म्हणून काका कुणालाच वगळत नाहीत. मग वेळेचा घोळ. वसईत दुपारचे चार, तेव्हा मेलबर्नला रात्रीचे साडेनऊ आणि टोरांटोला पहाटेचे साडेपाच. तिकडचा मामा टोस्टला कॉफीचा मग उचलणार. त्याच्या सोयीने लग्न रात्री लावावं, तर १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ हीच वेळ देतो. त्यापलीकडे बिशपांचा खास परवाना लागतो. काका तोही मागायला तयार असतात.

कुणी म्हणेल, अंथरुणावरच्या आजीला नातीचं लग्न दिसतं, यात वाईट काय? काहीच नाही. पण आजीसाठी फोन धरणारा एक नातू पुरतो. काकांचं लक्ष आजीकडे नसून ‘किती जण बघतायत’ या आकड्याकडे असतं. वधूवर वचनं देत असतात तेव्हाही. आता काका फुकट राबतात, फादरांची परवानगी काढतात, हे खरंच. आणि न्यायाने बोलायचं, तर चर्चला फादरांखेरीज समक्ष हजर असे दोनच साक्षीदार लागतात. बाकीची गर्दी, बाकावरची काय नि पडद्यावरची काय, घरच्यांच्याच समाधानासाठी. कोण आलं, कोण नाही, हे पूर्वीची वडीलधारी मंडळीही मोजायचीच. पण त्यांच्या मोजणीला हॉलच्या भिंती आवर घालायच्या. लिंकला भिंत नाही, तेव्हा ती जोडप्यालाच घालावी लागते. वीस नावं लिहावीत, त्यांना लिंक स्वतः पाठवावी आणि काकांना बेस्ट मॅनच्या शेजारी, फोन खिशात ठेवायला लावून, बसवावं.