निपाणीच्या अलीकडं

तात्यांची गोष्ट गडहिंग्लजात आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. गोष्ट एकच आहे. पहाटेची साडेपाचची गडहिंग्लज–कोल्हापूर गाडी फलाटाला लागते आणि हिटणी नाका, संकेश्वर, कणगला, तवंदी घाट, निपाणी, सौंदलगा, कोगनोळी, कागल असं करत कोल्हापूरला पोचते. वाटेत पंक्चर नाही, पाकीटमार नाही, सुट्ट्या पैशावरून साधी बाचाबाचीसुद्धा नाही. घडतं ते एवढंच : "संकेश्वरला तिघं उतरली. पाच चढली. दोन फुल, एक हाफ, पासवाली दोन पोरं. बेल दिली." मग तात्या जरा गप्प बसतात. "गाडी निघाली."

एव्हाना ऐकणाऱ्याची मान कलंडलेली असते.

तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. झोप येत नसली की आपल्याकडं माणूस आधी जायफळ घातलेलं दूध पितो, मग काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेतो, मग डॉक्टर गाठतो. गडहिंग्लजात त्यापुढं आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे तात्यांच्या घराचा कट्टा. उधारीच्या काळजीनं तळमळणारा मिरचीचा अडत्या तिथं येतो, मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटलेला शिक्षक येतो. समोरच्या माडीवरच्या अडत्याला तर आता कट्ट्यावर यावंही लागत नाही, तो खिडकी उघडी ठेवतो. तात्या पैसे घेत नाहीत. सोबत उशी आणलेली मात्र त्यांना खपत नाही. "आधीच झोपायच्या तयारीनं आलाय व्हय?"

ही विद्या त्यांना वस्तीच्या गाडीवर गवसली. शेवटची फेरी एखाद्या गावात मुक्कामाला जायची. डायव्हर-कंडक्टरनं देवळात नाहीतर गाडीतच अंग टाकायचं आणि उजाडायच्या आत तीच गाडी परत आणायची. डायव्हरला झोप लागली नाही तर घाटात पन्नास माणसांचा जीव टांगणीला. म्हणून तात्या दिवसभराचा हिशेब मोठ्यानं सांगत बसायचे. कितवं तिकीट कुठं फाडलं, कोण कुठं उतरलं. डायव्हर दहा मिनिटांत गार!

पुण्याला कॉम्प्युटरात असलेल्या पुतण्यानं त्यांना सांगितलं, की हा आता जगभरचा धंदा झालाय. 'काम' नावाच्या ॲपवर २०१६ पासून मोठ्या माणसांसाठी झोपेच्या गोष्टी आहेत. स्टीफन फ्राय हा नामांकित इंग्रज नट त्यात फ्रान्समधल्या लव्हेंडरच्या शेतांचं वर्णन करतो. कॅथरीन निकोलाय नावाच्या बाईचा तर २०१८ पासून 'नथिंग मच हॅपन्स' नावाचा पॉडकास्ट आहे. नावातच सांगून टाकलंय, की विशेष काही घडणार नाही. बाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते, दुसऱ्यांदा आणखी सावकाश.

"म्हंजे परतीची फेरी," तात्या म्हणाले.

पुतण्यानं ते लव्हेंडर मराठीत करून ऐकवलं, तर तात्या टक्क जागे. "त्यो गडी त्या शेतापत्तोर गेला कशानं? उतरला कुठं? तिकीट?" पुतण्या तेवढ्यात सोफ्यावर झोपला होता.

माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. डोक्याला घरच्या काळजीपासून सुटण्यापुरतं हलकं काम हवं, पण 'पुढं काय झालं?' हा प्रश्न पडता कामा नये. तो पडला की झोप गेलीच. बादशहाला गोष्टी सांगणाऱ्या शहरजादनं याच प्रश्नावर एक हजार एक रात्री स्वतःची मान वाचवली. तिच्या जागी तात्या असते तर बादशहा रोज संकेश्वरलाच घोरायला लागला असता आणि मान तशीही वाचली असती!

पण तात्यांना हे कौतुक वाटत नाही. त्यांचं दैवत पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. त्यांचं कथाकथन तात्यांनी तरुणपणी ऐकलेलं, लोक पोट धरून हसत होते, एक माणूस पेंगला नव्हता. आपली गोष्टही कुणीतरी कोल्हापूरपर्यंत जागं राहून ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा. काकींना विचारलं तर म्हणतात, "लग्नापास्नं ऐकत्येय. निपाणी काय मी बघितली न्हाई."

एकदा तात्यांनी ईर्ष्येनं तवंदी घाटात गवा घातला. भर रस्त्यात आडवा! कट्ट्यावर पेंगणारा शिक्षक ताडकन उठून बसला. मग गवा केवढा होता, शिंगं कशी होती, डायव्हरनं ब्रेक दाबला का, यात दोन वाजले, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. सकाळी शिक्षकाची बायको दारात हजर. "तात्या, ते जनावर काढा बघू गोष्टीतनं." गवा गेला.

शेवटी जागा राहणारा श्रोता मिळाला. गल्लीत नव्यानं राहायला आलेला एसटीचाच निवृत्त वाहतूक नियंत्रक. संकेश्वर गेलं, निपाणी गेली, गडी डोळे मिटीना. तात्यांचा आवाज आनंदानं कापायला लागला. अकराच्या सुमाराला कागल आलं.

"गाडी स्टँडात घेतली," तात्या म्हणाले.

"घेतली कशी? त्या टायमाची गाडी बाहेरनंच जायची."

"मी गाडीवर होतो का तुम्ही?"

"वेळापत्रक माझ्या हातात हुतं!"

तात्यांनी आतून जुनी वही आणली. नियंत्रकानं ती बाजूला सारून कट्ट्यावर खडूनं कागलचं स्टँड काढलं. तात्यांनी ते पायानं पुसलं. काकी उठल्या, शेजारची कुत्री उठली, एकेक करून सगळ्या गल्लीत दिवे लागले. एक वाजला तरी गाडी कागलातच. तेव्हा समोरच्या माडीवरून अडत्या ओरडला,

"आवो, दोघंबी हितंच उतरा की! आमी वडापनं जातो कोल्हापूरला!"