जागल्या ऑन-कॉल

हिंजवडीतल्या प्रत्येक टीममध्ये एक जागल्या असतोच. गावच्या जागल्याकडे काठी आणि कंदील असायचा, याच्याकडे दोन फोन असतात आणि दोन्ही रात्री तीनला केकाटतात. केकाटले नाहीत, तर का नाही हे बघायला तो उठतो.

त्याचं वाक्य एकच: 'रांग किती मोठी ते सोड, पहिला कधीपासून उभा आहे ते सांग.'

मूळ प्रश्न अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसबद्दलचा, म्हणजे मेसेज रांगेत (क्यूत) धरून ठेवणाऱ्या सेवेबद्दलचा. क्यूत १०,००० मेसेज साचलेत पण भराभर उपसले जातायत, तर खुशाल झोपावं. तीनच आहेत, पण सगळ्यात जुना ४० मिनिटं तिथेच पडलाय, म्हणजे उपसणारा आडवा झालाय. म्हणून अलार्म नुसता संख्येवर नको, सगळ्यात जुन्याच्या वयावर हवा. पटतं हो! पण म्हणून मिसळीच्या हॉटेलात वेटिंगच्या वहीत डोकावून पहिल्या नावाची वेळ विचारायची? लग्नात आहेर घेऊन उभं असताना, 'पुढचं कुटुंब स्टेजवर कधी चढलं?' बायको म्हणाली, 'सिंकमध्ये केवढी भांडी पडलीयत!' याने विचारलं, 'त्यातलं सगळ्यात जुनं कुठलं?' तो रविवार त्याने वडापाववर काढला.

एका दिवाळीत शेजारच्या टीमची क्यू वसुबारसेलाच तुंबली. अलार्म नव्हता. भाऊबीज उरकून मंडळी परतली, कुणीतरी बंद पडलेली सर्व्हिस चालू केली, क्यू झरझर रिकामी झाली. फराळाचे डबे उघडले. चकली हातात धरून जागल्या म्हणाला, 'वसुबारसेचे मेसेज कुठायत?' एसक्यूएस मेसेज सांभाळतं ४ दिवस. मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण वाढवतो कोण? ते पुसले गेले होते. चकल्या तशाच राहिल्या.

गोंगाटापेक्षा त्याला शांततेचं भय जास्त. क्यू रिकामी असेल आणि सहा तास तिला कुणी हातही लावला नाही, तर पाळत ठेवणाऱ्या क्लाउडवॉचला आकडे जाणंच थांबतं. अलार्म लाल होत नाही, हिरवाही राहत नाही. 'इनसफिशियंट डेटा' म्हणून खांदे उडवतो. इतरांना वाटतं, आज निवांत आहे. याच्या पोटात गोळा येतो.

कबूल करायला जिवावर येतं, पण गेल्या पावसाळ्यात टीममधली नवी मुलगी दोन दिवस ग्रुपवर गप्प होती. सगळ्यांना वाटलं, कामात असेल. हा बायकोला घेऊन थेट वाकडला तिच्या पीजीवर धडकला. पोरगी तापाने फणफणलेली, एकटी, उशाशी बिस्किटाचा अर्धा पुडा. डेंगी निघाला.

दवाखान्यात सिस्टरने पेन उघडलं. 'ताप किती?'

'किती ते सोडा, कधीपासून ते विचारा.'

'तो रकाना खाली आहे, काका,' सिस्टर म्हणाली. जागल्या चौतीस वर्षांचा आहे.